हवा जाते कुठून?

तानसाच्या परिसरात सायकलच्या टायरला काटा लागण्याचा हंगाम असतो. भातकापणी उरकते, झोडणी संपते आणि शहापूर-मुरबाडच्या गावांत वालाच्या, भाजीच्या तुकड्यांभोवती वई घालण्याची घाई सुरू होते. बाभळीच्या, बोरीच्या, करवंदीच्या फांद्या तोडून त्या गाडीतून, ट्रॅक्टरमधून, कधी नुसत्या ओढत रस्त्याने नेल्या जातात. त्यांतले काटे डांबरावर गळतात आणि पुढे कितीतरी दिवस तिथेच पडून राहतात. रस्ता जंगलातून जात असेल तर गेळा आणि खैर यांचीही भर पडते. बाभळीचा काटा सरळ, पांढरट, लांब. तो टायरच्या पाठीतून थेट आत शिरतो. बोरीचे काटे जोडीने येतात, एक सरळ आणि एक वाकडा. खैराचा आखूड आणि आकडेदार. टायरच्या पाठीचे तो सहसा काही बिघडवत नाही, पण कडेची पातळ बाजू ओरबाडून काढतो. मुंबई-नाशिक महामार्गावर आसनगावपासून कसाऱ्यापर्यंत काट्यांची जागा तारा घेतात. ट्रकचे रेडियल टायर फुटले की त्यांच्यातल्या बारीक पोलादी तारा रस्त्यावर विखुरतात. त्यातली एखादी टायरमध्ये रुतली तर ती बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही.

ही पुस्तिका याच रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्यांसाठी आहे आणि तितकीच या रस्त्यांवर पंक्चर काढणाऱ्यांसाठी आहे. विषय एकच: ट्यूबलेस टायरमधून हवा जात असेल तर ती कुठून जाते हे शोधणे आणि ती वाट बंद करणे. शोधण्याचा भाग मी मुद्दाम आधी लिहिला आहे. ट्यूबलेसची बहुतेक दुरुस्ती फसते ती हात कच्चा असल्यामुळे नाही, तर चुकीच्या जागी केल्यामुळे. टायरला भोक नसताना टायरमध्ये प्लग घातला जातो, रिमची टेप फाटलेली असताना आणखी सीलंट ओतले जाते, व्हॉल्व्हचा खालचा रबर सैल असताना नवा टायर विकत घेतला जातो.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी इथून पहाटे निघून आटगाववरून तानसा, पुढे अघई आणि वाड्याकडे जाणारे सायकलस्वार आता नवलाचे राहिलेले नाहीत. कोणी माहुलीच्या पायथ्याशी जाऊन परततात, कोणी मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेज घाट गाठतात. बीआरएम म्हणजे ब्रेव्हे, ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या. त्या करणाऱ्यांची जात आणखी वेगळी. तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ६०० किलोमीटरला ४० तास, आणि नेमून दिलेल्या थांब्यांखेरीज वाटेत कुठेही आपल्या माणसांची मदत घेता येत नाही. रात्री दोन वाजता खर्डीच्या पुढे चाक बसले तर स्वतःचे दोन हात आणि खोगिराखालची पिशवी एवढेच भांडवल. अशा माणसाला ट्यूबलेस टायर मोठा आधार वाटतो आणि तो खरोखरच असतो. लहान काटा लागला तर आतले सीलंट भोक बुजवते, स्वार पुढे जातो, काटा लागल्याचे त्याला घरी गेल्यावर कळते. मात्र जेव्हा सीलंटचे काही चालत नाही, तेव्हा ट्यूबवाल्याच्या पंक्चरपेक्षा ट्यूबलेसवाल्याची अडचण अधिक गुंतागुंतीची असते. ट्यूबवाला ट्यूब बदलतो आणि निघतो. ट्यूबलेसवाल्यापुढे हवा जाण्याच्या चार-पाच निरनिराळ्या वाटा असतात.

थोडे मागे जाऊन पाहिले तर हवेच्या टायरचा सगळा इतिहासच दुरुस्तीभोवती फिरतो. हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले, पण तेव्हा ते चालले नाही. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी पुन्हा पेटंट घेतले आणि सायकलीला हवेचे टायर लागले. ते रिमला चिकटवलेले असत. पंक्चर काढायचे तर टायर सोलून काढायचा, ठिगळ लावायचे, पुन्हा चिकटवायचा आणि डिंक वाळेपर्यंत थांबायचे. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात असा एक टायर दुरुस्तीला आला, त्यात तासन् तास गेले आणि त्यातूनच काढता-घालता येणाऱ्या टायरची कल्पना निघाली. १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची पहिली शर्यत शार्ल तेरों यांनी ७१ तास २२ मिनिटांत जिंकली ती याच टायरवर. कसारा घाट चढणारे आपले ब्रेव्हेवाले ज्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला पात्र ठरण्यासाठी झटतात, ती हीच. आता ती शर्यत नाही, दर चार वर्षांनी होणारी मोहीम आहे.

ट्यूब काढून टाकण्याची कल्पना मोटारींतून आली. अमेरिकेत १९५५ पासून नव्या मोटारींना ट्यूबलेस टायर सर्रास येऊ लागले. सायकलीला ती यायला आणखी चार दशके लागली. १९९९ मध्ये माविक या फ्रेंच कंपनीने मिशेलिन आणि हचिन्सन यांच्यासोबत डोंगरी सायकलींसाठी ट्यूबलेसची पद्धत आणली आणि पुढे रस्त्यावरच्या सायकलींनीही ती उचलली. उशीर होण्याला कारण आहे. सायकलच्या रिमला तारांसाठी भोके असतात, तिचा टायर पातळ असतो आणि रस्त्यावरच्या सायकलीत हवेचा दाब मोटारीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. हवा कोंडून ठेवायला यापेक्षा वाईट भांडे शोधूनही सापडणार नाही.

या तीन गोष्टी आपल्याकडच्या पंक्चरच्या दुकानात समजावून सांगण्याची फार गरज आहे. शहापूर, किन्हवली, मुरबाड, सरळगाव इथल्या दुकानदारांना ट्यूबलेस नवीन नाही. मोटारसायकल आणि स्कूटरच्या ट्यूबलेसचे पंक्चर ते रोज काढतात, डोळे मिटूनही काढतील. अडचण अशी की तेच कसब सायकलला जसेच्या तसे लावले की नुकसान होते. मोटारसायकलच्या पंक्चरमध्ये आधी कानशीसारखा जाड सूया फिरवून भोक मोठे करतात आणि मग रबराची चिकट पट्टी, म्हणजे प्लग, आत ढकलतात. मोटारसायकलच्या टायरची पाठ जाड असते, ती पट्टी घट्ट धरून ठेवते. सायकलच्या टायरची पाठ जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. तिथे तो सूया फिरवला तर काट्याच्या भोकाचे भगदाड होते आणि पट्टीला धरायला काही उरत नाही. सायकलसाठी बारीक पट्ट्या आणि बारीक सूया मिळतात. त्या घ्याव्यात, भोक मोठे करू नये. पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून वरचा भाग थोडा सोडून कापावा. हवा धरण्याचे उरलेले काम सीलंट करते.

दुसरे नुकसान लोखंडी टॉमीने होते. मोटारसायकलच्या अलॉय चाकाला तारांची भोके नसतात, त्यामुळे रिमवर टेप नसते. सायकलच्या रिमच्या आतल्या अंगाला टेप लावून ही भोके झाकलेली असतात आणि हवा अडवून धरते ती ही टेप. टॉमीचे टोक तिच्यावर एकदा घासले तरी पुरे. मग टायर कितीही चांगला जोडा, रात्रीत चाक बसते. टायर काढताना दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलाव्यात, टायर सैल पडतो आणि बहुतेक वेळा अंगठ्यांनीच निघतो. निघालाच नाही तर प्लास्टिकची टॉमी वापरावी.

आता मूळ शोधाकडे. तो समजायला आधी पाण्याच्या नळाचे उदाहरण घेऊ. तानसाचे धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले आणि तिथले पाणी नळाने मुंबईला जाऊ लागले. त्या नळांच्या कडेने देखभालीचे रस्ते आहेत.  जमिनीखालच्या नळावर काम करणाऱ्याला ठाऊक असते की जिथे जमीन ओली दिसते तिथेच नळ फुटलेला असतो असे नाही. पाणी नळाच्या अंगाने वाहत जाते आणि उताराला, जिथे वाट मिळेल तिथे वर येते. ट्यूबलेसच्या रिममधली हवा अगदी हेच करते. टेपला व्हॉल्व्हजवळ चीर गेली तर हवा रिमच्या पोकळीत शिरते, पोकळी भरते आणि मग समोरच्या बाजूच्या तारेच्या एखाद्या निप्पलमधून, नाहीतर रिमच्या जोडातून बाहेर पडते. बुडबुडे दिसतात निप्पलपाशी आणि दोष असतो वीतभर किंवा हातभर दूर, टेपमध्ये. म्हणून निप्पल आवळून, त्यावर काही चोपडून उपयोग नाही. निप्पलमधून बुडबुडा आला की टायर उतरवायचा आणि टेप पाहायची.

यासाठी घमेल्यातले पाणी पुरत नाही. ट्यूब पाण्यात बुडवता येते. अख्खे चाक बुडवले तर पाणी रिममध्ये शिरते आणि उगाच गोंधळ वाढतो. वाटीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकावेत, जुन्या ब्रशने ते पाणी सावकाश लावत जावे. चाक भरपूर हवेचे असावे, पण रिमवर आणि टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. आधी व्हॉल्व्हचे टोक पाहावे, कारण ते सर्वांत सोपे. तिथे बुडबुडा असेल तर आतला कोअर सैल असतो किंवा वाळलेल्या सीलंटने अडकलेला असतो. तो काढून धुवावा, नाहीतर बदलावा. मग व्हॉल्व्ह जिथे रिममध्ये शिरतो ती जागा. मग सर्व निप्पल. मग टायर आणि रिम जिथे भेटतात ती कड, दोन्ही बाजूंनी. शेवटी टायरची पाठ आणि बाजू. हा क्रम पाळण्याची सवय लागली की दहा मिनिटांत दोष सापडतो. वेळ नसतो तेव्हा तर हा क्रम जास्तच कामाला येतो.

कडेतून येणारी गळती दोन प्रकारची असते. एकाच ठिकाणी हवा जात असेल तर तिथे वाळलेल्या सीलंटची गाठ, चिखलाचा कण किंवा खड्ड्यात आपटून रिमला आलेला दबका असतो. दबका लहान असेल तर सीलंट सांभाळून घेते. मोठा असेल तर रिमचाच विचार करावा लागतो. कड सगळीकडून सुटत असेल तर टायर अजून जागेवर बसलेलाच नाही. टायर रिमवर नीट बसताना एक-दोन वेळा ठक्क असा आवाज येतो आणि टायरच्या बाजूला रिमलगत असलेली बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसू लागते. आवाज आला, पण रेघ कुठे तरी आत बुडालेली असेल, तर तिथे साबणाचे पाणी लावून पुन्हा हवा भरावी.

टायरच्या बाजूवर जागोजागी बारीक फेस येत असेल तर घाबरायचे कारण नाही. काही टायरांची बाजू जात्याच झिरपते. सीलंट घालून चाक दोन्ही हातांत आडवे धरून गोल गोल हलवावे, मग थोडा वेळ एका अंगावर, थोडा वेळ दुसऱ्या अंगावर आडवे ठेवावे, आणि नंतर एक फेरी मारून यावी. सीलंट म्हणजे मुख्यतः रबराच्या झाडाचा चीक, म्हणजे लॅटेक्स. तो पातळ राहावा म्हणून त्यात अमोनिया असतो आणि भोक लवकर बुजावे म्हणून बारीक कण मिसळलेले असतात. भोकातून हवा सुटते तिच्याबरोबर हे द्रव बाहेर जाते, वाळते आणि बूच बसते. साधारण ३० मिलिमीटर रुंदीच्या रस्त्याच्या टायरला ३० ते ४५ मिलिलिटर सीलंट लागते, ४० मिलिमीटरच्या टायरला ६०च्या आसपास, डोंगरी सायकलच्या जाड टायरला १०० किंवा त्याहून जास्त.

बाटलीवर लिहिलेली सीलंटची मुदत थंड देशांसाठी असते, हे इथल्या वाचकाने लक्षात ठेवायला हवे. एप्रिल-मे महिन्यांत शहापूर-मुरबाड तापते तेव्हा टायरमधला ओलावा भराभर उडतो. जे सीलंट सहा महिने टिकेल असे म्हणतात, ते इथे उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत कोरडे पडते आणि टायरच्या आत नुसती साय उरते. स्वार मात्र निर्धास्त असतो, कारण हवा टिकून असते. सीलंट संपल्याचे त्याला कळते ते पहिल्या काट्याला. त्यामुळे होळीनंतर एकदा आणि पावसाळ्याच्या तोंडावर एकदा कोअर काढून, आत बारीक काडी घालून द्रव शिल्लक आहे का हे पाहावे. नसेल तर भर घालावी. एवढी एक सवय लावून घेतली तर या पुस्तिकेचा निम्मा भाग वाचायची गरज पडणार नाही, असे मला मनापासून वाटते.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. ओले रबर कोरड्यापेक्षा सहज कापले जाते. पाण्याने रस्त्याच्या कडेची खडी, काच, काटे मधोमध येतात. त्यातच पाऊस आणि चिखल भोकावर वाहत असताना सीलंट नीट धरत नाही. तलाव भरून वाहू लागला की तानसाच्या रस्त्यावर गर्दी होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ट्यूबलेसवाले सर्वांत जास्त अडकलेले दिसतात. भोकाची जागा फडक्याने पुसून कोरडी करावी, मगच पट्टी घालावी. काटा दिसला तर लगेच उपटू नये. चाक फिरवून काटा खाली आणावा, म्हणजे सीलंट तिथे साचते, आणि मग ओढावा. रस्त्याच्या सायकलीत दाब जास्त असल्यामुळे सीलंट आधी पिचकारीसारखे उडत राहते. दाब ३०-४० पीएसआयपर्यंत उतरला की भोक बुजते. त्यावर लगेच पंपाने पुन्हा कडक हवा भरली तर बूच निघून जाते. थोडी कमी हवा ठेवून घर गाठावे.

पट्टी ही वाटेवरची सोय आहे. पक्के काम आतून ठिगळ लावल्यानेच होते, आणि इथे आपला पंक्चरवाला कोणत्याही महागड्या सामानापेक्षा भरवशाचा आहे. टायर उलटा करायचा, सीलंट पुसून धुऊन काढायचे, जागा पूर्ण वाळू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची, सोल्यूशन लावून ते चिकट होईपर्यंत थांबायचे आणि पॅच दाबून बसवायचा. हे हात वर्षानुवर्षे ट्यूबवर हेच करत आले आहेत. त्यांना फक्त एवढे सांगावे लागते की आतला पांढरा चीक पुरता गेल्याशिवाय सोल्यूशन धरणार नाही.

टेप बदलण्याचे काम घरीच करावे असा माझा आग्रह आहे, कारण त्यात घाई चालत नाही. जुनी टेप आणि तिचा डिंक काढून रिम सर्जिकल स्पिरिटने पुसावी; ते कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद घ्यावी, ताणून लावावी आणि शेवटी वीतभर एकावर एक येऊ द्यावी. वायरीची काळी चिकटपट्टी लावू नये. ती उन्हात सरकते आणि तिचा डिंक पाघळतो. व्हॉल्व्हचे भोक ब्लेडने न कापता तापवलेल्या सुईने पाडावे, कारण कापलेल्या कडेपासून चीर पुढे सरकते आणि वितळलेली कड तशी फाटत नाही. त्यानंतर एक रात्र आत ट्यूब घालून हवा भरून ठेवावी. टेप सगळीकडे दाबून बसते.

कॉम्प्रेसरबद्दल थोडे कडक लिहावे लागणार आहे. महामार्गावरच्या दुकानांतला कॉम्प्रेसर ट्रकसाठी असतो. ट्यूबलेस टायर कडेला बसवायला त्याचा हवेचा झोत फार उपयोगी पडतो, पण सायकलचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह त्याच्या तोंडात बसत नाही. त्यासाठी पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो. प्रत्येकाने एक पिशवीत ठेवावा आणि एक आपल्या नेहमीच्या दुकानदाराला द्यावा. मात्र झोत क्षणभराचाच हवा आणि डोळा दाबाच्या काट्यावर हवा. आजच्या काही रिमांना टायर अडकवायची आतली कड नसते, त्यांना हुकलेस म्हणतात. त्यांच्यावर ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही. २०२४ मध्ये युएई टूरच्या शर्यतीत बेल्जियमच्या थॉमस दे गेंड्ट यांचा टायर अशा रिमवरून निघाला आणि ते पडले, तेव्हा जगभर या रिमांच्या सुरक्षिततेवर वाद झाला. ते व्यावसायिक स्वार होते, मदतीची गाडी मागे होती. माळशेजच्या उतारावर टायर निघाला तर मागे असते एसटी किंवा ट्रक.

एवढे सगळे करूनही कधी टायरची बाजू बोटभर फाटते. तिथे सीलंट नाही, पट्टी नाही, ठिगळही पुरत नाही. आतून जुन्या टायरचा तुकडा लावायचा, ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढायचा आणि ट्यूब घालून घरी यायचे. म्हणून ट्यूबलेसवाल्यानेही एक ट्यूब जवळ ठेवावी. मात्र ती घालण्याआधी टायरच्या आतून फडके फिरवावे, सावकाश, पूर्ण गोल. ट्यूबलेस टायर महिनोन् महिने काटे पोटात घेऊन हिंडलेला असतो. सीलंटने त्यांच्याभोवतीची भोके बुजवलेली असतात, पण टोके आतच असतात, आणि त्यातले एक राहिले तरी नवी ट्यूब शंभर मीटरही जात नाही. फडके जिथे अडकेल तिथे काटा बाहेरून चिमट्याने किंवा आतून नखाने काढावा, पुन्हा एकदा फडके फिरवावे, आणि मगच ट्यूबमध्ये हवा भरावी.